बासष्ट हार्डनेसची सुरी

१ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
नवी वही. यापुढे रोज नोंद ठेवणार. कारागिराचं काम मागे उरतं, पण त्यामागचा विचार कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून.

सद्यस्थिती: सुऱ्या अकरा. धारेचे दगड सहा. बेल्ट ग्राइंडर, म्हणजे पातं घासायचं पट्ट्याचं मशीन, एक, बाल्कनीत. रिव्ह्यू चॅनेलचे सबस्क्रायबर त्रेसष्ट, त्यात मेहुणा दोनदा, कारण त्याच्याकडे दोन फोन आहेत. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नाही. सुरीनं केस उतरवून बघणं, धार तपासण्याची हीच खरी पद्धत. कारखान्यात फुल शर्ट घालतो.

संध्याकाळी ७.१५
कामावरून आलो तर बायको पांढरी चादर हातात घेऊन दारातच उभी. चादरीवर तांबूस ठिपके. ग्राइंडरमधून उडालेला लोखंडाचा भुगा ओल्या चादरीवर बसला आणि गंजला. मी समजावून सांगितलं की गंज धरणं हेच उत्तम कार्बन स्टीलचं लक्षण. ते हिला पटलं नाही.

मग अट घातली. म्हणाली, घरात अकरा सुऱ्या आहेत आणि मी वापरते ती बारावी, माझीच. महिनाअखेरपर्यंत तुमच्या सुऱ्यांतली एक तरी मी आपणहून उचलून स्वयंपाकाला वापरली, तर ते मशीन राहील. नाहीतर मशीन खाली आणि बाल्कनीत माझी खुर्ची. सकाळचा चहा तिथे बसून प्यायचाय, असं ती गेली चार वर्षं म्हणते आहे म्हणे.

मी अट हसत हसत मान्य केली. अठ्ठावीस दिवस म्हणजे भरपूर झाले.

२ फेब्रुवारी
हिच्या सुरीचा खासगी रिव्ह्यू केला, ही ग्रंथालयात कामावर गेल्यावर. (आज मला दुपारची पाळी.)

पोलाद: अज्ञात. कंपनी: पुसली गेलेली. मूठ: प्लॅस्टिक, तडा गेलेली, त्यावर चिकटपट्टी. हार्डनेस: लोण्याच्या वर, चमच्याच्या खाली. उतार, म्हणजे पातं जिथे घासून निमुळतं करतात तो भाग, एकाच अंगाला जास्त आणि तोही नेमका उलट्या अंगाला. हा त्या धारवाल्याचा प्रताप. सायकलवर चाक फिरवत दर गुरुवारी आपल्या गल्लीत येतो. ही त्याच्याकडून धार लावून घेते, नवरा घरात सहा दगड बाळगून असताना. मला याचं दुःख नाही. नवल वाटतं, एवढंच.

पाचपैकी अर्धा स्टार.

४ फेब्रुवारी
माझ्या सुऱ्या ही का वापरत नाही याचा शांतपणे विचार केला. कारण सापडलं. फ्रिजवर मी चौदा नियम लावले आहेत: ओली ठेवू नये, लिंबू कापल्यास तत्काळ पुसावी, भोपळ्याला वापरू नये, कोणाला उसनी देऊ नये वगैरे. हिला नियमांची भीती वाटत असणार.

उपाय: फक्त नऊ नियम ठेवले. फॉन्ट वाढवला.

५ फेब्रुवारी
फरक नाही. ही म्हणाली, फ्रिज छान दिसतोय.

७ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
अंघोळ करताना सुचलं. अकरा सुऱ्या दुकानाच्या आहेत. बाजारातल्या सुऱ्या कोणा अनोळखी माणसासाठी बनवतात. हिला हवी आहे खास हिच्या हातासाठी बनवलेली सुरी. एकवीस तारखेला आमच्या लग्नाला वीस वर्षं होतात. त्या दिवशी भेट द्यायची. सुरी ही मनापासून वापरेल, मशीन राहील, आणि व्हिडिओही होईल. एका दगडात तीन पक्षी, तोही माझ्याकडच्या सहापैकी कुठलाही दगड.

डिझाइन ठरलं. पोलाद बावन्न-शंभर नंबरचं, हार्डनेस बासष्ट, म्हणजे चांगलंच कडक. उतार फक्त उजव्या अंगाला, डावं अंग काचेसारखं सपाट. अशा सुरीनं कागदासारखे पातळ काप निघतात. मूठ अक्रोडाची, एका बाजूला फुगीर, म्हणजे मिटलेल्या मुठीत बोटांच्या खोबणीत बरोबर बसते. कच्चं पातं ऑर्डर केलं.

सुऱ्यांच्या शौकिनांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ, ज्यांना आम्ही उस्ताद म्हणतो, त्यांनी लगेच विचारलं, हात कुठला. मी लिहिलं, बायकोचा. त्यांनी वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.

१० फेब्रुवारी
मापाची अडचण. हिचा हात मोजायला गेलो तर सरप्राइज फुटेल. भांडी घासायचे रबरी हातमोजे सिंकखाली सापडले. डाव्याच्या बोटांना भोकं पडलेली, उजवा अगदी कोरा. मोजायला कोराच बरा. तो घेतला. रबरावर तळव्याची रुंदी आठ सेंटिमीटर आली. माझीही साधारण तेवढीच आहे. मग सोयीसाठी मूठ माझ्याच हातावर घडवायची ठरवली. वीस वर्षांत माणसं एकमेकांसारखी होतात, असं म्हणतात.

१२ फेब्रुवारी
पातं आलं. सुंदर. कामावर घेऊन गेलो आणि जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरला दाखवलं. तो म्हणाला, पुन्हा आणलंत तर गेटवर अडवतील. कलेची कदर कारखान्यात होत नाही.

माझं काम म्हणजे बाटल्यांची झाकणं तपासणं. मिनिटाला नव्वद झाकणं डोळ्यांखालून जातात. एकोणीस वर्षांत माझ्या नजरेतून एकही वाकडं झाकण सुटलेलं नाही. ही नजर घरच्या कामी आली नाही तर काय उपयोग?

१४ फेब्रुवारी, सकाळी ८.४०
ही गेल्याबरोबर ग्राइंडर लावला. उतार घासणं हे काम मन लावून करावं लागतं. जरा दाब जास्त झाला की पातं तापतं आणि पोलादाची सगळी ताकद निघून जाते. दर दोनदा घासल्यावर पाण्यात बुडवायचं.

८.५५
फोन आला. मेहुणा. पाच मिनिटं. पाण्यात बुडवायचं राहिलं.

९.०५
टोकाला निळा रंग चढला आहे. निळा म्हणजे मेलेलं पोलाद.

९.३०
डिझाइनमध्ये बदल. टोक दीड सेंटिमीटर कापून टाकलं. आखूड सुरी बायकांना बरी पडते. मुळात मला तसंच करायचं होतं.

१६ फेब्रुवारी
अक्रोडाची मूठ बसवली. दोन पितळी पिना. एपॉक्सी गोंदाचा एक थेंब स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पडला आणि तिथेच राहिला. त्यावर बरणी ठेवली आहे.

मूठ हातात धरून पाहिली. अशी बसते की सोडवत नाही. हिच्या हाताला ही किती सुखाची वाटेल या विचारानं मला खरंच भरून आलं. वीस वर्षांत मी हिला काय काय दिलं? एक मिक्सर, एक घड्याळ, तीन छत्र्या. स्वतःच्या हातांनी केलेलं पहिल्यांदाच.

१८ फेब्रुवारी
टोमॅटो टेस्ट: पास. कागद टेस्ट: पास. दोरी टेस्ट: पास. हातावरचे केस: उरलेले नाहीत, म्हणून पायावर घेतली. पास.

१९ फेब्रुवारी
एक चांगलं काम केलं. हिच्या जुन्या सुरीचा तो उलटा उतार डोळ्यांत खुपत होता. ग्राइंडर चालू होताच. दहा मिनिटांत उतार डाव्या अंगावरून काढून उजव्या अंगाला करून टाकला. आता तीसुद्धा शास्त्रात बसते. हिला सांगितलं नाही. उपकार करून सांगू नयेत.

२० फेब्रुवारी, सकाळी ८.१५
ही गाजर चिरताना दोनदा थांबली. सुरी उजेडात धरून बघितली. काप तिरपे पडत होते, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. तिला घाई होती, बस चुकली. मला म्हणाली, ह्या सुरीला काय झालंय कोण जाणे.

मी म्हणालो, जुनी झाली. मनात म्हटलं, हाताला चुकीची सवय लागली होती, ती मोडायला वेळ लागणारच.

२१ फेब्रुवारी
आज दिली. लाकडी पेटी, आत निळं मखमल. ही बराच वेळ बघत राहिली. मूठ चाचपली. विचारलं, हे तुम्ही केलंत? मी म्हणालो, तुझ्या हातासाठी. हिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, मी ते आनंद म्हणून नोंदवलं.

मग टोमॅटो घेतला. मी फोन स्टँडला लावून रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. पहिला काप खालून सरकत बाहेरच गेला. दुसरा फाटला. तिसऱ्याला ही थांबली, सुरी पुसली (नियम तीन, न सांगता) आणि परत पेटीत ठेवली. म्हणाली, छान आहे.

छान आहे. ही सहसा एवढं बोलत नाही.

२२ फेब्रुवारी
पेटी कपाटात आहे. ही जुनीच वापरते. नवी सुरी ही खास प्रसंगांसाठी राखून ठेवत असणार. तसं असेल तर आपणहून वापरली असं धरता येईल का? अटीचा मसुदा तपासायला हवा होता.

२३ फेब्रुवारी
व्हिडिओ टाकला नाही. एडिटिंगमध्ये टोमॅटो फारच फाटलेला दिसतो. प्रकाशाचा दोष.

२४ फेब्रुवारी, सकाळी ८.२०
हिनं बोट कापून घेतलं. फार नाही, पण रक्त आलं. जुनी सुरी कांद्यावरून घसरली. मी पट्टी बांधली. डाव्या हाताच्या बोटाला नव्हे, उजव्या हाताच्या बोटाला बांधली, कारण कांदा तिनं उजव्या हातात धरला होता. हे लिहिताना काहीतरी खटकतंय पण काय ते कळत नाही. झोप कमी झाली असेल.

ही म्हणाली, उद्या गुरुवार, धारवाल्याला दाखवते. मला राग आला. हिच्या रक्ताला जबाबदार तोच माणूस. त्यानं वर्षानुवर्षं उलटा उतार घासून हिचा हात बिघडवला. मी दाखवतो त्याला.

२५ फेब्रुवारी, गुरुवार
रजा घेतली. सकाळी नऊला, ही अंघोळीला गेल्यावर (गुरुवारी ग्रंथालयाला सुट्टी), खाली उतरलो. दोन्ही सुऱ्या पिशवीत, शिवाय सहापैकी चार दगड, मुद्दे पटवायला लागले तर.

धारवाला पन्नाशीचा, चष्म्याच्या एका दांडीला दोरी. सायकल स्टँडवर, चाक फिरतंय. मी सुरुवातच केली, की तुम्हाला उजवा-डावा उतार कळतो का, एका माणसाचं बोट कापलंय तुमच्यामुळे. त्यानं चाक थांबवलं. मी हिची जुनी सुरी दिली. त्यानं ती उजेडात धरली, अंगठा आडवा फिरवला आणि विचारलं, ही बाजू कोणी फिरवली?

मी म्हणालो, मी दुरुस्त केली.

तो म्हणाला, साहेब, ताई डावखुऱ्या आहेत.

मी म्हणालो, कोण ताई.

तो म्हणाला, तिसऱ्या मजल्यावरच्या, ज्यांची ही सुरी. पहिल्याच दिवशी सुरी हातात घेतली तेव्हा झीज बघून विचारलं होतं त्यांना. तेव्हापासून मी डाव्या अंगाला उतार ठेवतो. दहा-बारा वर्षं झाली असतील.

मग माझी सुरी मागितली. ती उलटसुलट करून बघितली. म्हणाला, काम झकास आहे. ही तुमच्या हाताची आहे का?

मी दगड पिशवीत भरले. चारही. तो म्हणाला, ओझं कशाला वाहिलंत.

हिची सुरी त्यानं चार मिनिटांत पूर्ववत केली. पैसे घेताना माझ्या हाताकडे बघितलं, बहुधा केस नाहीत म्हणून.

दुपारी १२.३०
असं होऊच शकत नाही. ही सही उजव्या हातानं करते. जेवते उजव्या हातानं. बँकेत, पोस्टात, मुलगी लहान असताना तिच्या शाळेच्या फॉर्मवर, सगळीकडे उजवा. धारवाल्याची दृष्टी अधू आहे, चष्म्याला दोरी आहे.

१.१०
सासूबाईंना फोन केला. इकडची तिकडची चौकशी केली आणि मग सहज विचारलं. त्या म्हणाल्या, हो, पहिल्यापासून डावरीच. शाळेत पट्टीनं मारून मारून उजव्या हातानं लिहायला लावलं, जेवायला आम्ही घरात लावलं. बाकीचं सगळं तिनं डाव्यानंच ठेवलं, हट्टी होती. मग म्हणाल्या, का हो, काय झालं?

मी म्हणालो, काही नाही, फॉर्म भरायचाय.

२६ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
दाराशी उभा राहून बघितलं. वर्तमानपत्र हातात धरून, म्हणजे वाचतोय असं वाटेल.

डावा. सुरी, लाटणं, झारा, काडेपेटी, सगळं डाव्या हातात. ओट्याच्या मोकळ्या टोकाला उभी राहते, डावं कोपर भिंतीला लागू नये म्हणून. गाजराचे काप एकसारखे पडत होते, अगदी मोजून घ्यावेत असे. चिरून झालं तसं तिनं सुरीकडे बघितलं आणि म्हणाली, काल खाली गेला होतात वाटतं.

मी म्हणालो, फिरायला. रजेच्या दिवशी चार दगड घेऊन फिरायला गेलो होतो हे तिला कोणी सांगणार नाही, पण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून गल्ली दिसते हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

संध्याकाळी
उपाय आहे. नव्या सुरीचा उतार फिरवायचा. डावं अंग घासायचं, उजवं सपाट करायचं. उद्या सकाळी दोन तासांचं काम. मग खरंच हिच्या हाताची होईल, अजून दोन दिवस आहेत. उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, पातं पत्र्याइतकं राहील आणि मूठही उलटी पडेल, नवीनच करा. उस्ताद मोठे असले तरी जरा निराशावादी आहेत.

२७ फेब्रुवारी, सकाळी ९.००
मशीन लावलं. पातं पट्ट्याजवळ नेलं. धरून उभा राहिलो.

नाही घासलं. का ते नीट लिहिता येत नाही. ही सुरी बनवताना मी रोज तीन-तीन तास हिचा विचार केला, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात तेवढा वेळ मी माझ्याच हाताकडे बघत होतो. आता अजून एक पातळ थर खरवडून त्याला हिचं नाव द्यायचं, हे मला जमेना. वाईट वाटलं. मनापासून वाईट वाटलं.

मशीनचा प्लग काढला. पट्टा उतरवला. बाल्कनी झाडली. लोखंडाचा भुगा सुपलीभर निघाला.

२८ फेब्रुवारी, सकाळी ७.२०
मुदतीचा शेवटचा दिवस. रविवार. मशीन दाराशी पुठ्ठ्यात बांधून ठेवलं आहे. मी हिला सांगितलं. सगळं. उतार, मोजे, जुन्या सुरीचं काय केलं ते, बोट का कापलं ते. ती चहा गाळत होती, डाव्या हातानं. गाळून झाल्यावर म्हणाली, मला वीस तारखेलाच कळलं होतं की सुरीला तुम्ही काहीतरी केलंय, ती ठेवते तिथे ओट्यावर काळा भुगा होता.

मग कपाटाशी गेली, पेटी उघडली आणि सुरी बाहेर काढली.

आपणहून उचलली. हे मी तत्काळ बोलूनही दाखवलं. तांत्रिकदृष्ट्या अट पूर्ण झाली असं म्हणता येईल, असंही सुचवलं. ही म्हणाली, उचलली, वापरली नाही. मग पातं स्वतःकडे आणि मूठ माझ्याकडे करून सुरी माझ्या हातात दिली. म्हणाली, तुमच्या हाताची आहे, तुम्हीच वापरा. सहा गाजरं आहेत. रोज काही ना काही असतंच.

मशीन मेहुण्याकडे जाणार. तो दोन्ही फोनवरून हो म्हणाला.

७.४०
ओट्याशी उभा राहिलो. लक्षात आलं की आजवर मी सुमारे तीनशे टोमॅटो, कागदाची दोन रिमं आणि कित्येक मीटर दोरी कापली आहे, पण कोणी खाईल असं काही चिरलेलं नाही. एका गाजराला नऊ मिनिटं लागली. ही शेजारी तिच्या सुरीनं उरलेलं सगळं आटोपत होती. आमची कोपरं एकमेकांना लागत होती, म्हणून ती माझ्या डाव्या बाजूला आली. मग लागेनात.

मी विचारलं, वीस वर्षांत एकदा तरी सांगायचंस.

ती म्हणाली, सांगायचं काय त्यात, रोज तुमच्यासमोरच तर चिरत होते.

मी पुढचं गाजर घेतलं. काप तिरपा गेला. पुन्हा घेतला, पुन्हा तिरपा. सुरी उजेडात धरून दोन्ही अंगांनी नीट तपासली. सुरीत काही दोष नाही.